इमामाचा पगार कोण देतो?

मुस्लिमबहुल देशांचे राजकारण आणि समाज हा विषय पदवीच्या वर्गाला शिकवायचा म्हटला, की बहुतेक अभ्यासक्रम सातव्या शतकातील मक्का-मदिनेपासून सुरू होतात. आधी पैगंबरांचे चरित्र, मग पहिले चार खलिफा, सुन्नी-शिया फूट, उमय्यद आणि अब्बासी राजवटी, आणि सत्र संपत आले की घाईघाईने एकोणिसावे-विसावे शतक. इतिहासाच्या वर्गाला हा क्रम साजेसा आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात मात्र त्याचा एक दुष्परिणाम होतो. पुढच्या तेराशे वर्षांत जे काही घडले ते सगळे त्या पहिल्या शतकात बीजरूपाने होतेच, असे विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसते. मग इंडोनेशियातील निवडणूक असो, की २०१९ साली इराणमध्ये पेट्रोलच्या दरवाढीवरून पेटलेले आंदोलन असो, त्याच्याकडे उत्तर तयार असते: त्यांच्या धर्मातच तसे आहे.

म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करते. पहिल्या तासिकेला फळ्यावर एकच प्रश्न लिहिते, इमामाचा पगार कोण देतो? प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो, पण त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे येते: त्याची नेमणूक कोण करतो, त्याला काढून कोण टाकू शकतो, शुक्रवारचे प्रवचन कोणी लिहिले, मशिदीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे आणि त्या जमिनीचे उत्पन्न पूर्वी कुठे जात होते. या प्रश्नांची उत्तरे देशागणिक बदलतात, आणि धर्मग्रंथ तर सगळीकडे एकच आहे. तेव्हा फरकाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. राज्यशास्त्राचे काम तिथून सुरू होते.

त्याआधी नकाशाचे काम उरकून घ्यावे लागते. जगातील मुसलमानांपैकी पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका मिळून साधारण पाचांत एकच राहतो, आणि लोकसंख्येने सर्वांत मोठा मुस्लिमबहुल देश इंडोनेशिया आहे, ही माहिती बहुतेकांनी कुठेतरी वाचलेली असते. तरीही 'मुस्लिम जग' म्हटले की डोळ्यांसमोर वाळवंटच येते. त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. उदाहरणे निवडतानाच ती दूरदूरच्या प्रदेशांतून निवडली, की ही सवय आपोआप सुटत जाते.

पहिले उदाहरण मी तुर्कस्तानचे घेते, कारण तिथे सगळ्यांचा अंदाज हमखास चुकतो. अतातुर्कचे प्रजासत्ताक धर्मनिरपेक्ष, म्हणजे तिथे सरकारने मशिदींशी संबंध तोडला असणार, असे वर्ग गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात ३ मार्च १९२४ या एकाच दिवशी अंकारातील संसदेने तीन कायदे केले. एकाने खिलाफत रद्द केली, दुसऱ्याने सर्व शिक्षणसंस्था शिक्षण मंत्रालयाच्या ताब्यात दिल्या, आणि तिसऱ्याने धर्म व वक्फ (धर्मकार्यासाठी राखलेल्या मालमत्ता) यांचे मंत्रालय मोडून मशिदींचा कारभार पंतप्रधानांच्या अखत्यारीतील एका नव्या संचालनालयाकडे सोपवला. या संचालनालयाला दियानेत म्हणतात. आज त्याचे कर्मचारी लाखाहून अधिक आहेत. तुर्की इमाम हा सरकारी नोकर असतो. त्याची भरती, बदली, पगार आणि निवृत्तिवेतन सरकारी नियमांनुसार होते. राज्यघटनेत धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व १९३७ साली आले, तेव्हा ही यंत्रणा तेरा वर्षांची झाली होती आणि ती बंद करण्याचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

या यंत्रणेचा उपयोग कसा होतो ते दोन प्रसंगांतून दाखवता येते. १९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत देण्याचा हुकूम निघाला आणि तो १९५० पर्यंत चालला. त्या वर्षी निवडणूक जिंकून आलेल्या डेमोक्रॅट पक्षाने पहिल्या काही आठवड्यांतच अरबी अजानवरील बंदी उठवली. दुसरा प्रसंग १५ जुलै २०१६ च्या रात्रीचा. लष्करातील एका गटाने उठाव केला, तेव्हा दियानेतच्या आदेशावरून देशभरातील मिनारांवरून 'सेला' ही प्रार्थना देण्यात आली आणि लोक रस्त्यांवर उतरले. अजानची भाषा बदलणारे सरकार कट्टर धर्मनिरपेक्ष होते, मिनारांवरून जनतेला साद घालणारे सरकार धार्मिक वळणाचे होते, आणि दोघांच्या हाती यंत्र तेच होते. इथे थांबून मी अलेवी समाजाचा, म्हणजे तुर्कस्तानातील सुन्नीतर मुस्लिम अल्पसंख्याकांचा, विषय काढते. अलेवींच्या प्रार्थनास्थळांना, म्हणजे जेमेवींना, मशिदीसारखा कायदेशीर दर्जा मिळालेला नाही, परंतु दियानेतचा खर्च ज्या करांतून होतो ते कर अलेवी नागरिकही भरतात. धर्मनिरपेक्ष राज्यात कोणत्या पंथाचा पुरोहित सरकारी पगारावर आहे, या प्रश्नावर वर्गात चर्चा चांगली रंगते.

इजिप्तमध्ये हीच कथा अधिक गुंतागुंतीची होते, कारण तिथे कैरोतील अल-अझहरसारखी धर्मशिक्षणाची हजार वर्षांची संस्था मध्ये उभी आहे. नासरच्या राजवटीने १९५२ साली कौटुंबिक वक्फ (ज्यांचे उत्पन्न वारसांना मिळे ते) रद्द केले, १९५५ साली शरियत न्यायालये मोडून त्यांचे खटले राष्ट्रीय न्यायालयांकडे वर्ग केले, आणि १९६१ च्या कायद्याने अझहरला सरकारी चौकटीत आणून तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या शाखा उघडल्या. जमिनीचे उत्पन्न गेले, न्यायदान गेले, आणि शेख सरकारचे पगारदार झाले. इतके झाल्यावर संस्था निमूटपणे सरकारचे म्हणणे ऐकेल अशी अपेक्षा असते. पण २०१६ साली वक्फ मंत्रालयाने शुक्रवारचे प्रवचन आम्ही लिहून देऊ आणि इमामांनी ते वाचून दाखवावे असा आदेश काढला, तेव्हा अझहरच्या ज्येष्ठ विद्वानांच्या मंडळाने तो फेटाळला. पगार देणाऱ्याचे सगळे ऐकलेच जाते असे नाही, हेही विद्यार्थ्यांनी पाहायला हवे. नाहीतर धर्माच्या जागी पैशाचे तितकेच ढोबळ सूत्र घेऊन ते बाहेर पडतील.

इजिप्तच्या राज्यघटनेतील दुसरे कलम शिकवताना मला नेहमी गंमत वाटते. शरियतची तत्त्वे हा कायद्याचा एक प्रमुख स्रोत आहे असे १९७१ च्या घटनेत होते. १९८० च्या दुरुस्तीने तो एकमेव प्रमुख स्रोत ठरला. देशाचे इस्लामीकरण म्हणून हा टप्पा पुस्तकांत येतो आणि ते चुकीचे नाही. मात्र त्याच सार्वमतात आणखी एक दुरुस्ती मतदारांसमोर होती. राष्ट्राध्यक्षाला कितीही वेळा निवडून येण्याची मुभा देणारी ही दुरुस्ती अन्वर सादात यांना हवी होती. सादात यांची १९८१ साली हत्या झाली आणि त्या मुभेचा लाभ तीस वर्षे होस्नी मुबारक यांना मिळाला. दुसऱ्या कलमाचा अर्थ लावण्याचे काम मात्र सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाकडे राहिले, आणि १९९६ साली त्याच न्यायालयाने शाळांत विद्यार्थिनींनी संपूर्ण चेहरा झाकण्यावर शिक्षणमंत्र्यांनी घातलेली बंदी शरियतच्या तत्त्वांशी विसंगत नाही असा निकाल दिला. घटनेत एक शब्द चढला म्हणून अधिकार धर्मपंडितांकडे गेले नाहीत. ते सरकारी न्यायाधीशांकडे गेले.

इराणला मी सर्वांत जास्त तासिका देते. १८९० साली नासिरुद्दीन शाहने इराणमधील तंबाखूचे उत्पादन, विक्री आणि निर्यात यांची पन्नास वर्षांची मक्तेदारी एका इंग्रजाला दिली. तंबाखू पिकवणारे शेतकरी आणि विकणारे बाजारातील व्यापारी दोघेही बुडणार होते. १८९१ च्या डिसेंबरात ज्येष्ठ शिया धर्मपंडित मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने तंबाखू वर्ज्य असल्याचा फतवा आला आणि लोकांनी खरोखरच हुक्के बाजूला ठेवले. शाहच्या जनानखान्यातही हुक्का बंद झाला असे सांगतात. जानेवारी १८९२ मध्ये शाहला मक्तेदारी रद्द करावी लागली. ही गोष्ट रोचक असल्यामुळे विद्यार्थी ती लक्षात ठेवतात, पण ती तिथेच सोडली तर 'मौलवीने सांगितले आणि लोकांनी ऐकले' एवढाच बोध उरतो.

म्हणून पुढची तासिका शिराझी कुठे राहत होते आणि कशावर जगत होते यावर जाते. ते आजच्या इराकमधील सामर्रा इथे राहत. हे शहर ऑटोमन सुलतानाच्या हद्दीत होते, त्यामुळे शाहचे शिपाई त्यांच्या दारात जाऊ शकत नव्हते. बारा इमामी शिया परंपरेत अनुयायी आपल्या बचतीचा पाचवा हिस्सा, म्हणजे खुम्स, आपण ज्याला मानतो त्या ज्येष्ठ धर्मपंडिताकडे पाठवतात. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी, त्यांच्या पाठशाळा आणि त्यांचा दानधर्म यांतले काहीही शाहच्या खजिन्यावर अवलंबून नव्हते. आणि खुम्स पाठवणाऱ्यांत मोठा वाटा बाजारातील व्यापाऱ्यांचा होता, ज्यांच्या पोटावर मक्तेदारीने पाय आला होता. सुन्नी ऑटोमन साम्राज्यात सुलतान दुसऱ्या महमूदने १८२६ पासूनच वक्फचे उत्पन्न सरकारी खात्याकडे ओढायला सुरुवात केली होती; इराणमधील शिया धर्मपंडितांवर तशी वेळ आली नव्हती. १९७९ ची क्रांती शिकवताना हा धागा पुन्हा हाती येतो. शाह मोहम्मद रझाकडे सैन्य, तेलाचा पैसा आणि गुप्त पोलीस होते. पक्ष आणि कामगार संघटना त्याने मोडल्या होत्या. परंतु मशिदी, पाठशाळा आणि बाजार यांचे जाळे स्वतःच्या पैशावर उभे होते.

क्रांतीनंतर काय झाले ते अधिक उद्बोधक आहे. धर्मपंडितांचे राज्य आल्यावर धर्मपंडितांचे स्वातंत्र्य वाढले असेल असे वर्गाला वाटते. उलट १९८७ साली धर्मपंडितांसाठी खास न्यायालय स्थापन झाले. सर्वोच्च नेतेपदाचे वारस ठरलेले आयातुल्ला मोंताझेरी यांनी राजकीय कैद्यांच्या फाशीला विरोध केला आणि १९८९ साली त्यांना वारसपद सोडावे लागले. पुढे १९९७ पासून पाचएक वर्षे ते नजरकैदेत होते. १९८९ मध्येच घटना दुरुस्त करून सर्वोच्च नेता हा धर्मपंडितांतील सर्वोच्च श्रेणीचा, म्हणजे मर्जा, असण्याची अट काढून टाकण्यात आली, कारण ज्यांची निवड झाली त्या अली खामेनी यांची श्रेणी ती नव्हती. राज्याची गरज आणि पंडितांची उतरंड यांत संघर्ष आला तेव्हा राज्याची गरज जिंकली.

याच टप्प्यावर मी एका विद्यार्थ्याला खडू देऊन इराणच्या सत्तारचनेची आकृती काढायला लावते. जनता राष्ट्राध्यक्ष निवडते, २९० जागांची संसद निवडते आणि ८८ जणांची तज्ज्ञसभाही निवडते. तीन बाण खालून वर जातात. तज्ज्ञसभा सर्वोच्च नेत्याची निवड करते. आणखी एक बाण वर. इथवर आकृती लोकशाहीची दिसते आणि वर्ग थोडा बुचकळ्यात पडतो. मग पालक परिषद येते. तिच्या बारा सदस्यांपैकी सहा धर्मपंडित थेट नेता नेमतो. उरलेले सहा कायदेतज्ज्ञ संसद निवडते, पण न्यायसंस्थेच्या प्रमुखाने दिलेल्या यादीतून, आणि तो प्रमुख नेत्याने नेमलेला असतो. ही परिषद संसदेच्या, राष्ट्राध्यक्षपदाच्या आणि तज्ज्ञसभेच्या उमेदवारांची छाननी करते. म्हणजे नेत्याला निवडणारे कोण असावेत हे नेत्याने नेमलेले लोक ठरवतात. खडू फिरून मूळ जागी येतो तेव्हा कोणीतरी हमखास विचारते, मग निवडणुका घेतातच कशाला? त्यावर मी १९९७ ची निवडणूक पुढे ठेवते. दोनशेहून अधिक इच्छुकांतून चार जणांना परवानगी मिळाली होती, सत्तास्थानांचा कल संसदेच्या सभापतींकडे होता, आणि सुधारणावादी मोहम्मद खातमी सुमारे ७० टक्के मते घेऊन निवडून आले. आकृतीने बांधलेल्या जागेतही मतदारांनी काहीतरी अनपेक्षित केले. खातमींच्या सुधारणा नंतर कशा अडवल्या गेल्या ते त्याच आकृतीवर बोट ठेवून दाखवता येते.

सेनेगल आणि इंडोनेशिया हे दोन देश त्यानंतर जोडीने घ्यावेत असे माझे मत झाले आहे. सेनेगलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत आणि तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंघोर हे कॅथलिक ख्रिस्ती होते. ते १९६० ते १९८० अशी वीस वर्षे सत्तेवर राहिले. हे कसे जमले याचे उत्तर भुईमुगाच्या शेतात आहे. मुरीद या सूफी संप्रदायाचे संस्थापक अमादू बांबा यांना फ्रेंचांनी १८९५ साली गॅबनला हद्दपार केले होते, पण पुढे वसाहतीच्या सरकारला भुईमुगाची निर्यात हवी होती आणि संप्रदायाच्या गुरूंकडे शेतात राबणारे शिष्य होते. दोघांनी एकमेकांशी जुळवून घेतले. स्वातंत्र्यानंतर सेंघोर यांनी तोच व्यवहार पुढे चालवला: ग्रामीण मते गुरूंच्या शब्दावर, आणि गुरूंना सरकारी कर्जे, रस्ते, सन्मान. भुईमुगाची शेती ढासळली, तरुण डकारला आणि तिथून युरोपात गेले, तसा मतदानाबाबतच्या गुरूच्या आज्ञेचा जोरही ओसरत गेला. २०००, २०१२ आणि २०२४ या तिन्ही वर्षी तिथे विरोधी उमेदवार निवडून येऊन शांतपणे सत्तांतर झाले. धर्म आणि लोकशाही यांच्या सुसंगतीवरील अमूर्त चर्चेपेक्षा हे एक उदाहरण मला जास्त उपयोगी वाटते.

इंडोनेशियात पगाराचे उत्तर पुन्हा वेगळे निघते. १९१२ साली स्थापन झालेली मुहम्मदिया आणि १९२६ सालची नहदलतुल उलेमा या दोन संघटनांचे अनुयायी कोट्यवधी आहेत, आणि शाळा, रुग्णालये, विद्यापीठे व पाठशाळा त्या स्वतः चालवतात. राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत मुसलमानांना शरियत पाळण्याचे बंधन घालणारा मजकूर आधी ठरला होता. १८ ऑगस्ट १९४५ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, पूर्वेकडील ख्रिस्तीबहुल बेटे फुटून निघतील या भीतीने मोहम्मद हत्ता यांच्या पुढाकाराने तो गाळण्यात आला. १९५५ च्या निवडणुकीत इस्लामी पक्षांना सगळे मिळून निम्म्याहून कमीच मते पडली, आणि १९९८ मध्ये सुहार्तो गेल्यानंतरच्या खुल्या निवडणुकांतही त्यांना बहुमत मिळालेले नाही. त्याच देशात आचे प्रांतात शरियत कायदा लागू आहे आणि फटक्यांची शिक्षा जाहीरपणे दिली जाते. हा मुद्दा मी टाळत नाही. फुटीरतावादी युद्ध थांबवण्याच्या सौद्यात जकार्ताने आचेला ही स्वायत्तता देऊ केली होती, हे मात्र त्याच्या सोबतच सांगते.

निबंधांसाठी माझा एक नियम आहे आणि तो विद्यार्थ्यांना सुरुवातीला जाचक वाटतो: वाक्याचा कर्ता 'इस्लाम' नसावा. इस्लाम सांगतो, इस्लाम रोखतो, इस्लाम मान्य करतो अशी वाक्ये मी तांबड्या शाईने परत करते. कर्ता हवा तो माणूस, संस्था, पक्ष, न्यायालय; आणि जमेल तिथे वर्षही. या नियमाचा खरा फायदा जननदराच्या प्रकरणात दिसतो. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यात दर स्त्रीमागे सहाहून अधिक मुले होत. २००० च्या सुमारास हे प्रमाण दोनवर आले. इतकी वेगवान घट जगात फार थोड्या देशांनी पाहिली आहे, आणि ती झाली इस्लामी प्रजासत्ताकाच्या काळात. इराकशी चाललेले युद्ध संपल्यावर सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले, खेड्यांतील आरोग्यघरांतून गर्भनिरोधके वाटली, लग्नाआधी जोडप्यांना वर्ग सक्तीचे केले, आणि मुलींचे शिक्षण तर वाढतच होते. बांगलादेशाचा दरही १९७० च्या दशकातील सहा-सातवरून दोनच्या आसपास आला. नायजरमध्ये तो अजूनही जगातील सर्वाधिक दरांपैकी एक आहे. तिन्ही देश मुस्लिमबहुल. 'इस्लाम' हा कर्ता घेऊन या तिन्हींबद्दल खरे ठरेल असे एकही वाक्य लिहिता येत नाही.

कौटुंबिक कायद्याचा भाग मोठा आहे, पण त्यातील दोन-तीनच ठिकाणी मी रेंगाळते. ट्युनिशिया मार्च १९५६ मध्ये स्वतंत्र झाला आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान बुर्गिबा यांनी बहुपत्नीत्व बेकायदा ठरवणारी संहिता आणली. तेव्हा निवडून आलेली संविधानसभा कामाला लागली होती, पण संहिता आली ती राजवटीच्या फर्मानाने. मोरोक्कोत २००० साली सुधारणेच्या बाजूने राबातमध्ये आणि विरोधात कासाब्लांकात एकाच दिवशी मोर्चे निघाले आणि विरोधाचा मोर्चा मोठा ठरला. कासाब्लांकातील २००३ च्या बॉम्बस्फोटांनी हवा बदलल्यावर राजाने पुढाकार घेतला आणि २००४ च्या संहितेने मुलींचे विवाहाचे वय १८ झाले. न्यायाधीशाला अपवाद करण्याची मुभा राहिली आणि ती सढळपणे वापरली गेली. स्त्रियांना हक्क मिळाले ते हुकूमशहांकडून, आणि खुल्या राजकारणात ते धोक्यात आले, हा निष्कर्ष इथून चटकन निघतो. मी तो निघू देते आणि मग इराक समोर ठेवते. तिथे १९५९ चा प्रगत कायदा कासिम यांच्या लष्करी राजवटीने आणला, त्यातील समान वारसाहक्काची तरतूद १९६३ साली नव्या लष्करी राजवटीने रद्द केली, २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेने नेमलेल्या शासकीय परिषदेने संपूर्ण कायदाच मोडीत काढण्याचा ठराव केला, तो स्त्रियांच्या निदर्शनांमुळे दोन महिन्यांत मागे घेतला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये निवडून आलेल्या संसदेने पंथनिहाय कायद्याची वाट खुली केली. हुकूमशाही आणि लोकशाही अशी सरळ विभागणी इथे टिकत नाही. स्त्रीसंघटना त्या घडीला किती संघटित होत्या आणि सत्ताधाऱ्यांना पंथीय पक्षांची गरज किती होती, हे दोन प्रश्न जास्त कामाचे ठरतात.

ईशनिंदेच्या कायद्याचा विषय नाजूक आहे म्हणून वगळावा, असा सल्ला मला मिळालेला आहे. तो मी मानलेला नाही. पाकिस्तानचे उदाहरण कलमांच्या क्रमाने शिकवता येते: ब्रिटिशांच्या १८६० च्या दंडसंहितेतील धर्मविषयक गुन्ह्यांचे प्रकरण, १९२७ चे २९५-अ (धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे), मग लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळातील १९८२ चे २९५-ब (कुराणाची विटंबना) आणि १९८६ चे २९५-क (पैगंबरांचा अवमान), ज्यात मृत्युदंड आला. २०११ साली पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि मंत्री शाहबाझ भट्टी यांच्या हत्या या कायद्याला विरोध केल्यामुळे झाल्या. ईशनिंदेसाठी फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेला २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले तेव्हा रस्ते अडवले गेले. बांगलादेशाकडे वारशाने तीच १८६० ची संहिता आली, २९५-अ तिथेही आहे, पण झियांची कलमे १९७१ नंतरची असल्यामुळे ती तिथे पोहोचली नाहीत. क्रौर्य झाकायचे नाही आणि त्याला धर्माची अंगभूत खूण म्हणून दाखवायचे नाही, या दोन्ही गोष्टी कलमांच्या तारखा नीट लावल्या की बऱ्याच प्रमाणात साधतात.

वर्गातील माणसांचा प्रश्न वेगळा. वर्गात एखादी मुस्लिम विद्यार्थिनी असली, की पहिल्या आठवड्यातच बाकीच्यांच्या माना तिच्याकडे वळू लागतात. मोरोक्कोच्या संहितेबद्दल तिला काय वाटते, तिच्या घरी काय पाळतात, असे विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. पण ती तिथे शिकायला आलेली असते, साक्ष द्यायला नाही, आणि सेनेगलमधील गुरूंबद्दल तिला बाकीच्यांइतकीच माहिती असते. म्हणून प्रश्न फक्त मजकुराला आणि शिक्षकाला विचारायचे, सहाध्यायीच्या धर्माला नाही, असे मी आरंभीच सांगून टाकते. तिने स्वतःहून बोलायचे ठरवले तर गोष्ट निराळी. दुसरीकडे, 'खरा इस्लाम असा नाही' हे उत्तरही मी गुण देण्याजोगे मानत नाही. खरा कोणता हे ठरवणे हे धर्मशास्त्राचे काम. आमच्या विषयात, खरा कोणता हे सांगण्याचा अधिकार त्या देशात त्या वर्षी कोणाला मिळाला आणि कसा, एवढेच पाहायचे असते. हे बचाव करणाऱ्यालाही लागू आहे आणि आरोप करणाऱ्यालाही, आणि दोघेही त्यावर सारखेच नाराज होतात.

तेलाच्या राज्यांना मी एकच तासिका देते. करांवर न जगणाऱ्या राज्याला प्रजेची संमती कमी लागते, हे सूत्र विद्यार्थ्यांना इतके आवडते की ते सगळीकडे लावू पाहतात. कुवेतच्या व्यापाऱ्यांनी १९३८ साली, तेलाचा पैसा यायच्या आधी, अमीराकडून निवडलेली परिषद मिळवली आणि ती त्याच वर्षी बरखास्त झाली. १९६२ च्या घटनेने, तेल असतानाही, संसद आली. २००५ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. २०२४ च्या मे महिन्यात अमीराने संसद स्थगित केली. सूत्राला एवढे धक्के पुरेत.

परीक्षेत मी दोन देशांची तुलना विचारते आणि जोडी विद्यार्थ्यांनीच निवडायची असते. सर्वांत फसणारी जोडी सौदी अरेबिया आणि इराण, कारण ती घेतली की पेपर सुन्नी-शिया वैराच्या कथेत वाहून जातो. मोरोक्को-ट्युनिशिया चांगली; तुर्कस्तान-सेनेगल उत्तम, पण ती निवडायला धाडस लागते.

शेवटची तासिका लेबनॉनची असते, आणि हा देश या अभ्यासक्रमात बसतो का यावरच ती चालते. तिथे शेवटची अधिकृत जनगणना १९३२ साली झाली. १९४३ च्या अलिखित कराराने राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया अशी वाटणी झाली, आणि संसदेत ख्रिस्ती व मुस्लिम जागांचे प्रमाण सहास पाच ठेवण्यात आले. यादवी युद्ध संपवताना १९८९ च्या तायफ कराराने ते पाचास पाच केले, तेही नव्याने कोणाची मोजणी न करता. मुसलमान आता बहुसंख्य आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण सरकार ते मोजत नाही. मान्यता असलेले १८ पंथ आहेत, विवाह आपापल्या पंथाच्या न्यायालयात नोंदवायचा, आणि देशात नागरी विवाहाचा कायदा नाही. त्यामुळे वेगवेगळ्या पंथांतील जोडपी विमानाने सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत आल्यावर लेबनॉनचे सरकार त्या विवाहाची रीतसर नोंद करते.